बँडेजची कात्री

३ फेब्रुवारी

प्रिय आत्याबाई,

प्रभूमध्ये सलाम.

तुमचं पत्र सोमवारी दुपारी आलं. तुमच्या भाच्याने, म्हणजे आमच्या ठोक्याने, ते दुकानातच उघडलं. समोर एक गिऱ्हाईक एक बूट घालून आणि एक पाय उघडा ठेवून बसलं होतं. ते वीस मिनिटं तसंच बसून राहिलं, कारण हा पत्र वाचून उभ्याउभ्याच प्रार्थनेला लागला होता. शेवटी गिऱ्हाइकानेही डोळे मिटले. बिचाऱ्याला वाटलं, आमच्यातलं कुणीतरी गेलं.

एकतीस वर्षं तुम्ही कुष्ठरोग्यांच्या त्या इस्पितळात मेट्रन आहात. इतक्या वर्षांत तुम्ही आमच्याकडे एक साधी शालसुद्धा मागितली नाहीत. त्यामुळे 'पायांची जाणीव गेलेल्या माणसांसाठी बूट शिवणारा हवा आहे, येतोस का?' एवढं वाचून तो मुळापासून हलला यात नवल नाही.

पण घर, दुकान, माणसं सोडून दोन दिवसांच्या अंतरावर राहायला जायचं म्हणजे काही पलंग या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकवणं नव्हे. म्हणून आम्ही असं ठरवलंय: चाळीस दिवस दोघांनी वेगवेगळी प्रार्थना करायची. या विषयावर एकमेकांशी अवाक्षर काढायचं नाही, नाहीतर एक जण दुसऱ्याला ओढत नेणार. चाळिसाव्या दिवशी प्रभूने आपल्याला काय दाखवलं ते दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. आज पहिला दिवस. सकाळपासून आम्ही हवापाण्यावर इतकं बोललोय की आता हवाही कंटाळली असेल.

एकमेकांशी बोलायचं नाही असं ठरलंय. तुमच्याशी बोलायचं नाही असं काही ठरलेलं नाही. म्हणून सांगते. आत्याबाई, ठोक्याला बोलावणं आलंय हे त्याच्या पाठीवरूनसुद्धा दिसतं. मला आलेलं नाही. मी कान देऊन बसते, पण मला फक्त शेजारच्यांचा पंप ऐकू येतो. तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय, 'सूनबाईसाठीही इथे काहीतरी चांगलं काम काढू.' मला काम आहे हो. सतरा वर्षं मी बायकांचे केस कापते. दोन वर-खाली होणाऱ्या खुर्च्या आहेत, एक मोठा आरसा आहे, आणि रडत आलेली बाई हसत जाते हे मी आठवड्यातून दोनदा तरी बघते. ते सोडून नुसती बायको म्हणून मी यायचं का? मला ते जमणार नाही, आणि नाही म्हणायचीही हिंमत नाही.

माझ्यासाठी प्रार्थना करा. ठोक्याला यातलं काही कळू देऊ नका.

तुमची सूनबाई


११ फेब्रुवारी

प्रिय सूनबाई,

सलाम. गुपित माझ्याकडे सुरक्षित आहे. एकतीस वर्षांत मी डॉक्टरांची अक्षरं वाचली आणि बायकांची गुपितं पोटात ठेवली, दोन्ही सोपं नव्हतं.

उगीच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. काम इथे ढिगाने आहे. एक, औषधांच्या कोठाराची नोंदवही; सध्या ती एक कंपाउंडर ठेवतो आणि त्याच्या हिशेबाने आमच्याकडे खोकल्याचं औषध उणे सहा बाटल्या आहे. दुसरं, रविवारचा मुलांचा वर्ग. तिसरं, गाणी बसवणं. तुझा आवाज बरा आहे असं तुझ्या लग्नात कुणीतरी म्हणाल्याचं आठवतं. यातलं काहीही निवड. तुझं ते पार्लर चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण केस काय, कुणीही कापतं. आता प्रभू तुला त्याहून मोठं काहीतरी देत असेल.

सोबत सात कागद पाठवते आहे. आमच्या सात पेशंटांनी कागदावर पाय ठेवले आणि मी भोवती पेन्सिल फिरवली. बोटं नसतील तिथे माझं चित्र चुकलंय असं ठोक्याने समजू नये. तिथे बोटं नाहीतच.

तुमची आत्या


१८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

कागद मिळाले. तिसऱ्या कागदावरच्या माणसाचा भार बाहेरच्या कडेवर पडतो का ते बघून कळव. खिळा कुठेही मारणार नाही, कारण टोचला तरी त्यांना कळायचा नाही. सगळं शिवणार आणि चिकटवणार, आत मऊ रबर. बूट झाला की मी स्वतः आत हात घालून दोनदा तपासणार.

आमचं चाळीस दिवसांचं मौन चालू आहे, म्हणून हिच्याशी बोललेलो नाही. पण ती अगदी शांत आहे. कुरकुर नाही, वाद नाही. सतरा वर्षांत मी तिला इतकी शांत पाहिली नव्हती. मनाने तयार झालेली दिसते. प्रभूची कृपा.

तुझा ठोक्या

ता. क. दोरा मेणाचाच लागेल, तिथे मिळतो का?


२४ फेब्रुवारी

प्रिय आत्याबाई,

सलाम. बसून वाचा. आम्हाला निरोप देण्यात आला.

झालं असं. मार्ग दिसावा म्हणून आमच्यासाठी प्रार्थना करा, असं आम्ही पाळकसाहेबांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. आता आमच्या चर्चच्या मंडळीचा इतिहास असा की ज्याने ज्याने मार्गदर्शनासाठी प्रार्थना मागितली, तो तो सहा महिन्यांत सामान बांधून गेलाच. तेव्हा निरोप समितीने विचार केला, जायचेच आहेत तर सभागृह रिकामं आहे तोवर उरकून घ्यावं. समितीत तीन जणी आहेत आणि तिघी माझ्याकडे केस कापतात. एकीनेही तोंडातून ब्र काढला नाही. त्यांना आम्हाला चकित करायचं होतं. केलं.

उपासना संपली आणि 'आमचे लाडके दांपत्य' म्हणून आम्हाला पुढे बोलावलं. ठोक्याने माझ्याकडे पाहिलं, मी ठोक्याकडे. बोलायचं नाही असं ठरलेलं, त्यामुळे भुवया उडवून जेवढं विचारता येतं तेवढं विचारलं. मग भाषणं सुरू झाली. खजिनदार रडले. सतरा वर्षं ठोक्याकडून फुकट टाचा बसवून घेणारे शाळामास्तर त्याला 'प्रभूचा सेवक' म्हणाले. मला काय म्हणाले माहितीये? 'आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्या त्यांच्या सौभाग्यवती.' बस्स. नंतर आम्हाला दोन नवीन सुटकेसा दिल्या, एक मोठी आणि एक धाकटी, आणि आमचा तिघांचा म्हणजे माझा आणि सुटकेसांचा ठोक्याशेजारी फोटो काढला. मी काय सामान आहे का, आत्याबाई? त्या धाकटीला निदान चाकं तरी होती.

हसू येतंय मला लिहिताना. पण रविवारी घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

आणि तुमच्या कामांबद्दल. आकडे मला बघून पळतात. कोठार माझ्या हाती दिलंत तर खोकल्याच्या उणे साठ बाटल्या होतील. मुलं मला आवडतात, पण एका वेळी एक आणि खुर्चीत बसलेलं. गाण्याविषयी माझ्या लग्नात जे बोलले ते माझे मामा होते आणि त्यांना माझ्या वडिलांकडून सायकल हवी होती. रागावू नका. तुम्ही मला मोठं काम देताय आणि मी लहान कामाला चिकटून बसलेय असं तुम्हाला वाटत असेल. मलाही कधीकधी तसंच वाटतं, आणि मग प्रार्थनेला बसायचीच लाज वाटते.

आता अख्ख्या मंडळीला वाटतंय की आम्ही निघालो. तीन गिऱ्हाइकांनी दुसरं पार्लर शोधलंसुद्धा. चिठ्ठ्या उघडायला एकोणीस दिवस उरलेत.

तुमची सूनबाई


७ मार्च

प्रिय सूनबाई,

तुझं पत्र मी नर्सिंगच्या मुलींना वाचून दाखवलं. न्हाणीघराचा भाग गाळला. सुटकेसांपाशी एकीला इतकं हसू आलं की तिच्या हातचा ट्रे पडला.

तू घाबरू नकोस. ठोक्याचं मला पत्र होतं, तू मनाने तयार झाली आहेस असं त्याने लिहिलंय. नवऱ्याला जे दिसतं ते कधीकधी आपल्याला स्वतःला दिसत नाही. कोण जाणे, तुझं उत्तर आलेलंही असेल.

आज जास्त लिहीत नाही, उजवा हात भरून आलाय. महिन्याचा पहिला शनिवार म्हणजे आमचा केस कापायचा दिवस. बायकांच्या वॉर्डातल्या चाळीस जणी ओळीने बाकावर बसतात आणि मी एका टोकाकडून सुरू करते. बँडेजची कात्री चांगली बोथट टोकाची असते, कुणाला लागत नाही. कानाच्या वर सगळ्यांचं सारखं. सुरुवातीला इथे पाण्याची टंचाई होती आणि उवांचा सुळसुळाट होता, तेव्हापासूनची पद्धत. दोन तासांत चाळीस डोकी होतात. आरसे इथे मी पहिल्याच वर्षी काढून टाकले, उगीच बघून बघून बायका झुरतात.

आज मात्र एकीने डोकं उठवलं. आमची बोलकी. ती वॉर्डात आली तेव्हा तोंडाची टकळी थांबायची नाही म्हणून हे नाव पडलं. सहा वर्षं उपचार घेतले, आता ठणठणीत बरी आहे. रोग नाही, संसर्ग नाही, कागदावर डॉक्टरांची सही आहे. भाऊ दोनदा न्यायला येऊन गेला. ही बाई दाराआड लपून बसते, डोक्यावरचा रुमाल सोडत नाही आणि म्हणते, या केसांनी मी घरी जाणार नाही. भुवयाही गेल्या आहेत तिच्या, या आजारात जातात. आता प्रभूने पाय दिले, बोटं वाचवली, आणि ही केसांवर अडून बसली आहे! माणसाचा पोरकटपणा सुटत नाही बघ.

तुमची आत्या


११ मार्च

आत्याबाई,

सलाम राहिला, तो शेवटी घ्या.

तुमच्याबद्दल मला किती आदर आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तो तसाच आहे. आता बाजूला ठेवते आणि लिहिते.

बँडेजची कात्री? चाळीस जणींना? कानाच्या वर, सगळ्यांचं सारखं? अहो, त्या कात्रीने केस कापले जात नाहीत, चघळले जातात! तुमचा हात भरून येतो तो म्हणूनच. एकतीस वर्षं महिन्यातून एकदा हे चाललंय आणि तुम्ही मला लिहिता, केस काय, कुणीही कापतं?

आणि बोलकी पोरकट नाही. मी तिला पाहिलेलं नाही, पण माझ्या खुर्चीत अशी बाई येते. ती केसांबद्दल बोलते, पण केसांबद्दल बोलत नसते. तुमच्याकडे चाळीस जणींचं डोकं सारखंच कापलेलं असेल, तर गावात अशा डोक्याची बाई दिसली की ती कुठून आली हे सांगायला डॉक्टरांची सही लागते का? तुम्ही रोग काढलात आणि त्याची पाटी डोक्यावर ठेवलीत. हे मी अंदाजाने लिहितेय. चुकत असेन तर माफी मागेन. पण तुम्ही तिला जाऊन विचारा. उपदेश न करता विचारा. स्टुलावर बसून विचारा, उभं राहून नको. मेट्रन उभी असली की कुणी खरं बोलत नाही.

भुवयांचं तर काहीच कठीण नाही. त्या काढता येतात, रोज स्वतःच्या स्वतःला काढता येतात. बोटं आखडलेली असतील तर पेन्सिलीला जाड कापड गुंडाळायचं. मी एका आठवड्यात शिकवेन. पण आरशाशिवाय कशा काढणार? आरसे का काढलेत, आत्याबाई? झुरतील म्हणून? झुरू द्या की, माणसं आहेत ती!

मी हे पत्र उभ्याने लिहितेय. खुर्चीत गिऱ्हाईक आहे, अर्ध्या डोक्याचं. तिला सांगितलंय, थांब, मला आधी भांडून घेऊ दे.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी कुणाच्याही केसांना हात लावू नका.

सलाम.

सूनबाई


१७ मार्च

सूनबाई,

तुझं पत्र शनिवारी आलं. एकतीस वर्षांत माझ्याशी कुणी असं बोललेलं नाही. दोन दिवस मी फार रागात होते. मी इथे आले तेव्हा या बायकांना हात लावायला कुणी तयार नव्हतं, मी लावला. आणि पार्लरमध्ये पंख्याखाली उभी राहणारी मुलगी मला शिकवते!

काल राग उतरला, की थकला, कोण जाणे. मी बोलकीकडे गेले. स्टुलावर बसले. तिला विचारलं.

ती म्हणाली, "बाई, आमच्यापैकी कुणी बसमध्ये चढलं की शेजारची बाई उठते. चेहरा बघून नाही. मागून केस बघून उठते. मी दोन वर्षांपूर्वी आईच्या मयताला गेले होते, तेव्हा बसमध्ये माझ्या दोन्ही बाजूंची बाकं रिकामी होती आणि माणसं दांड्याला धरून उभी होती."

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तुम्ही इतक्या प्रेमाने कापता, वाईट वाटलं असतं तुम्हाला."

माझ्याच्याने जास्त लिहवत नाही. तू अंदाजाने लिहिलंस ते बरोबर होतं.

आत्या


२३ मार्च

प्रिय आत्याबाई,

सलाम. तुमचं पत्र येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. त्या गिऱ्हाइकाचा राहिलेला अर्धा भाग कापतानाच पश्चात्ताप सुरू झाला होता आणि त्याचा परिणाम तिच्या डाव्या बाजूवर दिसतो. मी बोलले ते खोटं नव्हतं, पण तुमच्या हातांना बोलले, आणि ते हात नसते तर त्या बायका आज कुठे असत्या हे मला कळतं. माफ करा.

आता चिठ्ठ्यांचं. चौदा तारखेलाच उघडल्या, पण तुमचं उत्तर आल्याशिवाय कळवायला हात धजावेना.

ठोक्याने त्याची पुढे केली. बोटभर कागद. त्यावर लिहिलं होतं: 'नवीन सुटकेसमध्ये तिने झाडायचे फडके ठेवले आहे. तिला बोलावणे आलेले नाही. मला एकट्यालाच आले असेल, तर ते चुकीच्या पत्त्यावर आले आहे. इथेच राहू.' खाली सही, जशी काही बँकेत द्यायची होती.

आत्याबाई, हा माणूस महिनाभर तुमचे सात कागद भिंतीला लावून रोज त्यांच्याकडे बघत होता. तिसऱ्या कागदावरच्या माणसासाठी त्याने तीन वेळा साचा मोडून पुन्हा केला. आणि तो हे सगळं माझ्यासाठी ठेवून द्यायला निघाला होता, तेही एका शब्दाची कुरकुर न करता. आणि मी समजत होते, तो मला सामान म्हणून ओढत नेईल.

मग माझी चिठ्ठी. ती चिठ्ठी नव्हतीच, चार पानं होती, दोन्ही बाजूंनी. दोन खुर्च्या (एक चालेल, पण दोन बऱ्या). कात्र्या सहा. कंगवे, पेन्सिली, जाड कापड. आरसा. कुठल्या मुलीला आधी शिकवायचं, म्हणजे मी आजारी पडले तरी बँडेजची कात्री परत बाहेर येणार नाही. ठोक्याने चारही पानं वाचली आणि विचारलं, "यात प्रभूने काय सांगितलं ते कुठे आहे?"

मी म्हटलं, "मला वाटत होतं तो हळू आवाजात बोलेल. मी तशीच कान लावून बसले होते. त्याने मला चिडायला लावलं."

ठोक्या इतका हसला की खालून दुकानातला माणूस वर बघायला आला. मग आम्ही दोघांनी चाळीस दिवसांत पहिल्यांदा एकत्र प्रार्थना केली. तीत बोलकीचं नाव होतं आणि तुमचंही.

आम्ही एकोणीस एप्रिलला पोहोचतो. निरोप समितीला आता पुन्हा निरोप द्यायचा आहे. मी सांगितलंय, भाषणं नकोत, आणि धाकटीला चाकं आहेत तशी मलाही जीभ आहे.

तुमची सूनबाई


४ एप्रिल

प्रिय सूनबाई,

सलाम. आज पहिला शनिवार.

मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. दहाच्या ठोक्याला सगळ्या सवयीने बाकावर येऊन बसल्या, रुमाल मांडीवर, माना खाली. चाळीस माना. मी कात्री घेऊन नेहमीच्या टोकाला उभी राहिले, मग तुझी आठवण झाली आणि खाली बसले. म्हटलं, आज कापायचे नाहीत. यापुढे ज्यांना वाढवायचे त्यांनी वाढवा. केस कापणारी बाई येते आहे, ती शिकलेली आहे, तिला विचारून ठरवा.

माना खालीच राहिल्या. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग मधली एक म्हातारी, माझ्याही आधीपासून इथे असलेली, तिने मान वर केली आणि विचारलं, "म्हणजे, बाई, मागून बघितलं तर आम्ही कुणीही असू?"

मी हो म्हटलं. कात्री ठेवून यायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

एकतीस वर्षं मी बूट शिवणाऱ्यासाठी प्रार्थना केली. केस कापणारीसाठी एकदाही केली नाही, कारण तशी कुणी लागते हेच मला ठाऊक नव्हतं. मी न मागता प्रभूने तुला पाठवलं, आणि आलीस ती माझ्याशी भांडतच.

बोलकीने भावाला मे महिन्यात ये म्हणून कळवलंय. तोवर केस मानेपर्यंत येतील का, असं विचारते. मी म्हटलं, मला त्यातलं कळत नाही.

ठोक्याचं बाकडं उजेडात लावून घेतलंय. तुला दक्षिणेकडची खोली दिली आहे, पण तिथे काय कुठे लावायचं ते मी ठरवलेलं नाही. सुतार सोमवारी आरसा घेऊन येतो. आमच्यातल्या काही उभ्या राहू शकतात, काही चाकाच्या खुर्चीत असतात आणि दोघी सरपटत येतात. आरसा किती उंचीवर लावायचा, सूनबाई? उलट टपाली कळव.

तुझी आत्या